मोजलेली हवा आणि पोहोचलेली हवा

शिक्षकी पेशात ज्यांची हयात गेली त्यांना एक खोड जडते. चूक दिसली की तिच्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी ती का झाली हे विचारल्यावाचून त्यांना राहवत नाही. आम्ही अध्यापन विद्यालयात शिकत होतो त्या वेळी ‘निदानात्मक चाचणी व उपचारात्मक अध्यापन’ अशा भारदस्त नावाचा एक पाठ घोकावा लागे. नाव भारदस्त असले तरी आतील गोष्ट साधी होती. एखाद्या मुलाने ५२ मधून २७ वजा करून ३५ असे उत्तर लिहिले, तर तो मठ्ठ आहे असे समजू नये. त्याने काय केले ते पाहावे. तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहे. शेजारच्या घरातून दशक उसना घ्यावयाचा असतो, ही एकच गोष्ट त्याला उमगलेली नाही. त्याला तशीच आणखी वीस उदाहरणे घातली तर तो वीसच्या वीस चुकवील, आणि गुरुजींचा संताप मात्र वीसपट होईल.

हे जुने शास्त्र ओमानसारख्या परक्या देशात, तेही मोटारींच्या गॅरेजात, उपयोगी पडेल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. ते कसे उपयोगी पडले याची हकीगत वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावी, म्हणून हा लेखप्रपंच.

गेली काही वर्षे आम्ही मस्कत येथे भारतीय मुलांना गणित व विज्ञान शिकवीत आहो. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आय. टी. आय.चा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून येथे आला व वादी कबीरच्या औद्योगिक भागातील एका गॅरेजात लागला. त्याच्या प्रवासाच्या व व्हिसाच्या खर्चासाठी बहिणीने आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. हे तो कोणाजवळ बोलत नसे. परंतु पगाराच्या दिवशी सर्वांत आधी घरी पैसे पाठवी, त्यावरून आम्ही काय ते समजत असू. आपल्या समाजातील कित्येक वडीलधाऱ्या मंडळींनी रेल्वेच्या कारखान्यांतून आयुष्य काढले. तोच हाताचा गुण या मुलात उतरला आहे. उणीव एवढीच, की मोठ्या माणसाने सांगितले की ते खरे मानावयाचे, ही सवयही त्याच्यात तितकीच मुरलेली होती.

ओमानी तरुणांना वेगवान गाड्यांचे मोठे वेड आहे. २०२३ साली ल मॉं येथील चोवीस तासांच्या शर्यतीत अहमद अल हार्थी हे ओमानी चालक ज्या चमूत होते, त्या चमूची ॲस्टन मार्टिन गाडी आपल्या वर्गात दुसरी आली. त्या गाडीच्या इंजिनास दोन टर्बो होते. अशी गाडी विकत घेणे सर्वांना शक्य नसते; पण जुनी, जपानी बनावटीची, दोन लिटरची टर्बो गाडी घेऊन तिला जिवापाड जपणारे तरुण येथे पुष्कळ आहेत. अशाच एका तरुणाची गाडी आमच्या भाच्याच्या वाट्याला आली.

तक्रार अशी होती. गाडी उभी असताना इंजिन शांत चाले. गावातील रस्त्यावरही फारसा दोष जाणवत नसे. परंतु जोर द्यावा, टर्बो हवा रेटू लागावा, की मागील नळीतून काळा धूर निघे, पेट्रोलचा उग्र वास येई व गाडी आचके देई. पेट्रोल पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लागू लागले होते. प्लग काढले तर ते काजळीने माखलेले. इंजिनाचा दिवा लागलेला, आणि स्कॅनर जोडला की ‘पी ०१७२’ हा संकेतांक, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. गॅरेजातील भाषेत, गाडी ‘रिच’ चालत होती.

रिच चालणे म्हणजे काय, हे ज्यांनी कंदील पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. वात अधिक वर केली की उजेड वाढत नाही, काच मात्र काजळते. तेल भरपूर आणि हवा अपुरी. स्टोव्हचेही तसेच, ज्योत निळी असावी, ती पिवळी झाली की भांड्यांची बुडे काळी. ज्यांनी मुंबईत किंवा ठाण्यात स्कूटर बाळगली त्यांनी ती ‘ओव्हर’ झाली म्हणून प्लग पुसून पुन्हा किका मारल्याही असतील. पेट्रोल पुरते जळावयाचे तर वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून कमी पडली तर मिश्रण रिच होते व जास्त झाली तर ‘लीन’.

आता टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चक्र फिरवितो, त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त घालता येते, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेलाचे पुढे लक्षात ठेवावे.

पेट्रोल किती घालावयाचे हे गाडीतील संगणक ठरवितो. हवेच्या गाळणीनंतर लगेच एक मापक बसविलेला असतो. त्यात एक तापविलेला घटक असतो. वाहती हवा त्याला थंड करते, आणि त्याला गरम राखण्यास किती वीज लागली यावरून आत किती हवा शिरली हे कळते. पुढे ही हवा टर्बोत दाबली जाते. दाबल्याने ती तापते, म्हणून इंटरकूलरमध्ये थंड होते, आणि मग रबरी होजमधून थ्रॉटलकडे व इंजिनात जाते. जळून गेल्यावर धुरात ऑक्सिजन किती उरला हे दुसरा एक सेन्सर पाहतो व संगणकास कळवितो. हा ऑक्सिजन सेन्सर बॉश कंपनीने तयार केला आणि १९७६ साली व्होल्व्होच्या गाड्यांत तो प्रथम आला. म्हणजे पेपर लिहिण्यापूर्वीचा अंदाज हवामापक देतो आणि पेपर तपासल्यानंतरचा निकाल ऑक्सिजन सेन्सर सांगतो. निकाल पाहून संगणक पेट्रोल शेकडा किती कमी किंवा जास्त करतो, तो आकडा स्कॅनरवर दिसतो. त्याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात.

या गाडीवर पूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात उपचार झालेले होते. ‘रिच’ असा संकेतांक पाहून त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. मग प्लग बदलले. मग इंजेक्टर साफ केले. मालकाचे बरेच रियाल खर्च झाले आणि धूर होता तसाच राहिला. आता भाच्याच्या गॅरेजातील फोरमनने दोन उपाय सुचविले होते. एक, हवामापक नवा घालावा. दुसरा, संगणकाची आज्ञावलीच बदलून जोराच्या वेळचे पेट्रोल कमी करावे, म्हणजे धूर थांबेल. काम याच मुलाच्या हातून व्हावयाचे होते, आणि गाडी पुन्हा परत आली तर त्याला गॅरेजात ठेवणार नाही, असेही त्याला बजावण्यात आले होते. गाडीच्या मालकाला वर्षाची मुल्किया नूतन करून घ्यावयाची होती. अशा जुन्या गाडीला त्यासाठी रॉयल ओमान पोलिसांची तांत्रिक तपासणी उत्तीर्ण व्हावे लागते, आणि काळा धूर ओकणारी गाडी तेथे नेण्यात अर्थ नव्हता.

शुक्रवारच्या सुट्टीत मुलगा घरी आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. “मामा, मला वाटतं की हवामापक ठीक आहे,” तो म्हणाला, “पण मी कोणत्या तोंडाने सांगू? माझ्याजवळ पुरावा नाही.”

आम्ही त्याला म्हटले, “अरे, गाडीतले आम्हांला काय कळते? पण आम्ही विचारतो त्याची उत्तरे दे. गाडी रिच केव्हा चालते?”

“नेहमीच, मामा. संकेतांक तसाच आहे.”

“संकेतांक म्हणजे प्रगतिपुस्तकावरील लाल शेरा. ‘गणितात कच्चा’ एवढेच त्यावर असते. कोणत्या गणितात कच्चा, हे तुला पाहावयाचे आहे. उभी असताना किती? सपाट रस्त्यावर किती? चढावर किती?”

त्याने हे आकडे पाहिलेच नव्हते. कोणी पाहावयास सांगितलेही नव्हते. मग आम्ही एका वहीच्या पानावर तीन रकाने आखून दिले. संध्याकाळी मालकाची परवानगी घेऊन, एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने आकडे लिहावे अशा रीतीने, तो व त्याचा केरळी सोबती गाडी घेऊन आमरातच्या चढाच्या रस्त्याकडे गेले. परत आले तेव्हा पान भरलेले होते. गाडी उभी असताना ट्रिम उणे १. सपाट रस्त्यावर, ताशी ८० किलोमीटर वेगाने, उणे ४. हलक्या चढावर, टर्बोचा दाब येऊ लागताच, उणे २०. म्हणजे चढावर संगणक शेकडा वीस पेट्रोल कमी करीत होता, तेव्हा कोठे मेळ बसत होता. त्याहून अधिक जोर दिला की अशा गाड्यांचा संगणक ऑक्सिजन सेन्सरकडे पाहावयाचे सोडतो व आपल्या ठरीव कोष्टकावर विसंबतो. मग कमी करणारे कोणीच उरत नाही, आणि काळा धूर निघतो.

ते पान समोर ठेवून आम्ही दोघे बसलो. रिच चालण्याची कारणे त्याला पाठ होती. आम्ही फक्त प्रत्येक कारणाला विचारावयास लावले, की तू दोषी असतास तर या तीन रकान्यांत काय दिसले असते?

इंजेक्टर गळत असता किंवा पेट्रोलच्या दाबाचा रेग्युलेटर फाटला असता तर? उभ्या गाडीला पेट्रोल अगदी थोडे लागते. त्यात थोडे जरी गळले तरी प्रमाण फार बिघडते. तेव्हा सर्वांत मोठा आकडा पहिल्या रकान्यात दिसावयास हवा होता. तेथे तर उणे १. शिवाय रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी त्याने काढून पाहिली होती, ती कोरडी होती.

इंजिनाच्या उष्णतेचा सेन्सर खोटे सांगत असता तर? इंजिन थंड आहे असे वाटून संगणक पेट्रोल वाढवितो, जशी आपण पूर्वी सकाळी चोक ओढून गाडी सुरू करीत असू. पण मग तो दोष तिन्ही रकान्यांत दिसला असता. शिवाय गरम इंजिनाचा आकडा स्कॅनरवर ८९ अंश होता आणि सकाळी थंड इंजिनाचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच. साक्षीदार खरा होता.

हवामापकच जास्त हवा दाखवीत असता तर? मग तो उभ्या गाडीलाही खरे आणि सपाटीवरही जवळजवळ खरे सांगून नेमका चढावरच खोटे का सांगतो, याचे उत्तर द्यावे लागले असते.

मुलगा बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “मामा, जेव्हा दाब येतो तेव्हाच होतं. दाब आला की काहीतरी... मामा, हवा बाहेर जाते!”

हेच ते. हवामापक दारावर उभा आहे. आत शंभर आले, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. परंतु दारापासून वर्गापर्यंतच्या वाटेत भिंतीला भोक असेल, तर वर्गात ऐंशीच बसतील, आणि पाने मात्र शंभरांची मांडली जातील. शंभर ग्रॅम हवेला सुमारे ६.८ ग्रॅम पेट्रोल लागते. वीस ग्रॅम हवा वाटेत निसटली तर त्याच पेट्रोलाला ऐंशी ग्रॅम हवा मिळते, आणि १४.७ चे प्रमाण पावणेबारावर येते. उभ्या गाडीत त्या नळीत दाब नसतो, म्हणून भोक असून नसल्यासारखे. दाब आला की ते उघडते. कोणताही सेन्सर खोटे बोलत नव्हता. सगळे खरे सांगत होते, आणि तरीही उत्तर चुकत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने फोरमनला ते पान दाखविले व एक तास मागून घेतला. गाळणी व हवामापक बाजूला काढून टर्बोच्या तोंडाला बूच बसविले, आणि त्यातून काँप्रेसरची हवा रेग्युलेटर लावून जपून, एक बारच्या आत, सोडली. जोडांवर साबणाचे पाणी मारले. इंटरकूलरच्या खालच्या अंगास फुसफुस ऐकू आली व फेस आला. तेथील रबरी होजच्या बाकाला खालून चीर गेली होती. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती, कारण दाब नसताना तिच्या कडा मिटून बसत. ओमानचा उन्हाळा, इंजिनाची धग आणि तेलाची वाफ यांत रबराचा जीव गेला होता. बेर शेवा किंवा दिमोना येथील वाचकांना, ऊन रबराचे काय करते हे आम्ही काय सांगावे!

होज काही रियालांत मिळाला. नव्या क्लिपांनी तो बसविला. पण मुलाने तेवढ्यावर काम थांबविले नाही, याचे आम्हांस अधिक कौतुक वाटते. त्याने तेलाची पट्टी काढून हुंगली. तेलाची पातळी वाढलेली होती व त्याला पेट्रोलचा वास होता. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली उतरते व तेल पातळ करते. ज्या दांड्याचे लाखाहून अधिक फेरे तेलाच्या थरावर चालतात, त्याला असे तेल किती दिवस सांभाळील? कोकणात आपले पूर्वज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. तेलाची पारख नाकाने करावी, हे त्यांच्या वंशजाला कोणी शिकवावे लागले नाही. तेल व तेलाचा फिल्टर बदलून, संगणकाने शिकलेले जुने आकडे पुसून, तो पुन्हा त्याच चढावर गेला. तिसऱ्या रकान्यात उणे २ आले. धूर नव्हता. गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली, आणि मुलगा आजही त्याच गॅरेजात आहे.

येथे फोरमनच्या दुसऱ्या उपायाविषयी लिहिले पाहिजे, कारण आमच्या मते या हकीगतीचे मर्म तेथे आहे. आज्ञावली बदलून पेट्रोल कमी केले असते तर धूर खरोखरच थांबला असता. मालक खूश झाला असता. होज फाटकाच राहिला असता. पुढे कोणा भल्या माणसाने तो फाटका पाहून नवा घातला असता, त्या दिवशी इंजिनात पुरी हवा पोहोचली असती आणि पेट्रोल मात्र कमी केलेलेच राहिले असते. दाबाखाली पेट्रोल कमी पडले की आतील उष्णता वाढते, मिश्रण अवेळी पेटते, इंजिन ठोके मारते व पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. म्हणूनच तर गाडी बनविणारेच भर जोराच्या वेळी मिश्रण मुद्दाम थोडे रिच, बारास एकच्या आसपास, ठेवतात. जास्तीचे पेट्रोल आतील उष्णता शोषून घेते. लक्षण झाकण्याचा उपाय एखाद्या दिवशी खऱ्या उपायालाच घातक करून ठेवतो, तो असा.

आम्ही शिक्षक असल्यामुळे आमचे मन गाडीवरून मुलांकडे वळते, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परमुलखात गेलेल्या घरांतून आम्ही हेच पाहत आलो आहो. घरी मराठीत चुरुचुरु बोलणारे मूल नव्या देशाच्या शाळेत गप्प बसते, प्रगतिपुस्तकावर लाल शेरा येतो, आणि आपण शिकवण्या वाढवितो. जास्त पेट्रोल ओततो. घराच्या दाराशी त्याची हुशारी आपण मोजलेली असते. शाळेच्या बाकापर्यंत ती पोहोचत नसेल तर वाटेत कोठे चीर आहे हे पाहावे. ती भाषेत असेल, भीतीत असेल, कदाचित फळा नीट न दिसणाऱ्या डोळ्यांत असेल. एक पान घ्यावे, तीन रकाने आखावे. केव्हा चुकते, केव्हा चुकत नाही, हे लिहावे. दाब नसताना चिरा मिटलेल्या असतात, म्हणून मूल दाबाखाली असताना त्याच्याजवळ बसावे.

असो. भाच्याने ते पान जपून ठेवले आहे आणि आता प्रत्येक गाडीसाठी तो प्रथम रकाने आखतो असे ऐकतो. फोरमन त्याला ‘मास्तर’ म्हणून हाक मारतो. गेल्या महिन्यात बहिणीचे पत्र आले; पाटल्या सोडवून आणल्या, असे तिने शेवटच्या ओळीत लिहिले आहे.